ऑनलाइन मराठी वर्गात मुले पंधराव्या मिनिटाला गप्प होतात, काय करावे?

वडगावची बाई (प्रश्न)

नमस्कार. मी बेळगावात वडगाव भागात राहते आणि गेल्या जूनपासून शनिवारी व रविवारी सकाळी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. वर्गात 11 मुले आहेत, वय 7 ते 10. त्यांपैकी सहा शहरातली, तीन खानापूर तालुक्यातली आणि दोन बेंगळुरूला गेलेल्या इथल्याच कुटुंबांतली आहेत. सगळी इंग्रजी माध्यमात शिकतात. 2015 च्या कायद्यानुसार राज्यातील सर्व शाळांत कन्नड शिकवणे आवश्यक झाले आणि 2017-18 पासून ते पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू होत गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ज्या राज्यात राहायचे तिथली भाषा मुलांना यायलाच हवी. परंतु इंग्रजी, कन्नड आणि हिंदी यांनी वेळापत्रक भरले की मराठीला तास उरत नाही आणि मग घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला आजीचे पत्रसुद्धा वाचता येत नाही. अशा घरांतली मुले माझ्याकडे येतात.

अडचण अशी आहे की वर्ग एक तासाचा असतो आणि पहिली पंधरा मिनिटे सरली की एकेक कॅमेरा बंद होऊ लागतो. प्रश्न विचारला तर ‘बाई, आवाज येत नाही’ असे उत्तर अगदी स्पष्ट आवाजात येते. काही घरांत आई शेजारी बसलेली असते आणि ‘सांग की गं, सांग की’ ही तिची कुजबुज मुलीच्या उत्तराआधी माझ्यापर्यंत पोहोचते. मला सर्वांत खटकते ते एका आठ वर्षांच्या मुलाचे. जूनमध्ये तो सर्वांत जास्त बोलायचा, घरच्या म्हशीची हकिगत सांगताना त्याला थांबवावे लागायचे. आता तो ‘हो बाई’ आणि ‘नाही बाई’ या दोन वाक्यांच्या पलीकडे जात नाही.

माझी पद्धत अशी आहे. पडद्यावर धडा दाखवते, प्रत्येकाला क्रमाने एक परिच्छेद वाचायला लावते, चुकले की तिथल्या तिथे दुरुस्त करते आणि शेवटची दहा मिनिटे प्रश्नोत्तरांसाठी ठेवते. बक्षीस म्हणून चांदण्या देऊन पाहिल्या. दोन आठवडे त्यांची जादू चालली, तिसऱ्या आठवड्यात ‘बाई, चांदण्यांचे काय मिळते?’ असा रोकडा प्रश्न आला. ज्यांनी मुलांना ऑनलाइन भाषा शिकवली आहे, किंवा ज्यांची मुले असे वर्ग करतात, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

जांबोटीकडची आई

बाई, कॅमेरा बंद म्हणजे लक्ष नाही, असे कृपया धरून चालू नये. आमच्या भागात, म्हणजे खानापूर तालुक्यात, पावसाळ्यात घरात रेंज नसते. माझी मुलगी वर्गाच्या वेळी पडवीच्या शेवटच्या पायरीवर बसते, मोबाईल तांब्याला टेकवून ठेवते आणि झड आत येऊ लागली की एका हाताने छत्री धरते. कॅमेरा सुरू केला की आवाज तुटतो, म्हणून ती तो बंद ठेवते. मागे तिच्या दुसऱ्या एका वर्गात ‘कॅमेरा नसेल तर हजेरी नाही’ असा नियम होता; त्या शिक्षिकांचा हेतू चांगलाच असेल, पण मुलीने त्या वर्गाचा धसका घेतला तो घेतलाच.

तुम्ही धडा आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवला तर आमच्यासारख्यांची निम्मी अडचण दूर होईल. पडद्यावर दाखवलेले पान आमच्याकडे धूसर दिसते. तेच पान मोबाईलमध्ये आधी उतरवून घेतले, किंवा वहीत लिहून काढले, तर वर्गात केवळ आवाज पुरतो. दुसरे असे की मुलीला वर्गात बोलता आले नाही तर तिने नंतर आवाजी संदेश पाठवला तरी चालेल, अशी मुभा द्यावी. ती तो चार वेळा पुसून पाचव्यांदा पाठवते, म्हणजे वर्गात एकदा वाचायची तिथे घरी पाच वेळा वाचून होते.

आई शेजारी बसून कुजबुजते, हे मात्र खरे आहे. मीही तेच करत होते. आता मी वर्गाच्या वेळी भाकऱ्या करायला बसते.

निवृत्त गुरुजी, निपाणी

मी मराठी शाळेत 31 वर्षे शिकवले आणि निवृत्तीनंतर नातवंडांच्या निमित्ताने या ऑनलाइन प्रकारात पडलो, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. बाईंच्या पत्रातील आकडेच आधी पाहू. तास 60 मिनिटांचा. त्यातील दहा मिनिटे प्रश्नोत्तरांची, पाच-सहा हजेरीची. उरलेल्या वेळात 11 मुलांनी क्रमाने वाचायचे म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे येतात आणि बाकीचा सारा वेळ त्याने दुसऱ्यांचे अडखळत वाचन ऐकायचे. खऱ्या वर्गात हे चालून जाते, कारण तिथे बाकावर शेजारी असतो, खिडकी असते, चोरून चिंच खाता येते. पडद्यासमोर यातले काहीच नसते. तेव्हा पहिली सूचना साधी आहे: वर्गाचे दोन भाग करावेत, पाच आणि सहा, आणि प्रत्येकाला अर्धा तास द्यावा. तुमचा वेळ तेवढाच जाईल, मुलाच्या वाट्याची मिनिटेही जवळपास तेवढीच राहतील, पण दुसऱ्यांचे वाचन ऐकत बसण्याचा त्याचा वेळ निम्म्यावर येईल. विनाशुल्क झूमची बैठक 40 मिनिटांनी आपोआप बंद होते, याची लोक कुरकुर करतात; सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी मला ती मर्यादा वरदान वाटते.

पण म्हशीची हकिगत सांगणारा मुलगा गप्प का झाला, याचे कारण मला वेळात दिसत नाही. ‘चुकले की तिथल्या तिथे दुरुस्त करते’ हे जे वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात, त्यात ते असावे. तो मुलगा घरी काय बोलत असेल, याचा मी अंदाज करतो: ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी काम केलो’, ‘आम्ही जेवण केलो’. आपल्या सगळ्या सीमाभागात हेच ऐकू येते, आणि ते निष्काळजीपणाने आलेले नाही. कन्नडमध्ये ‘नानु रोट्टी तिंदे’ म्हणताना क्रियापद ‘मी’ला धरून चालते, काय खाल्ले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. प्रमाण मराठीत मात्र ‘खाणे’, ‘करणे’ अशा क्रियांचा भूतकाळ आला की क्रियापद कर्त्याला सोडून भाकरीच्या मागे जाते: मी भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला, केळे खाल्ले. त्यातच, कन्नडमध्ये माणसे सोडली तर बाकी सर्व वस्तू नपुंसकलिंगी. मराठीत पलंग तो, खुर्ची ती आणि कपाट ते. शेकडो वर्षे शेजारी नांदलेल्या दोन भाषांनी मिळून घडवलेली ती बोली आहे. त्या मुलाची आजी तशीच बोलते. वाक्यागणिक ‘खाल्लो नाही, खाल्ली म्हण’ असे ऐकल्यावर त्याला एवढेच कळते की आपल्या घरातले बोलणे चुकीचे आहे. आणि ऑनलाइन वर्गात ते दहा मुले आणि त्यांच्या आया यांच्यादेखत कळते. मग ‘हो बाई’ हे सर्वांत सुरक्षित वाक्य ठरते, कारण त्यात चुकायला जागाच नाही.

याचा अर्थ दुरुस्ती करू नये, असा नाही. मी शेवटच्या काही वर्षांत ती उत्तरात मुरवायला शिकलो. मुलगा म्हणाला, ‘मी भाकरी खाल्लो’, की मी म्हणायचो, ‘भाकरी खाल्लीस होय? कशाबरोबर खाल्लीस?’ तो म्हणायचा, ‘पिठल्याबरोबर खाल्ली.’ रूप त्याच्या कानावरून दोनदा गेले, हकिगत पुढे सरकली आणि कोणाला काही खुपले नाही. दर वेळी असे होत नाही. पाचातून दोनदा झाले तरी मी समाधान मानत असे. लेखनात मात्र दुरुस्ती उघड करावी. वहीवरची लाल रेघ मूल सहन करते. सर्वांसमोर तोंडावरची करत नाही.

आणखी एक. ऑनलाइन वर्गाची एकच गोष्ट शाळेपेक्षा सरस आहे: मूल स्वतःच्या घरात बसलेले असते. मग धडा पडद्यावरच कशाला शोधायचा? नातवंडांच्या वर्गात मी एकदा सांगितले की प्रत्येकाने स्वयंपाकघरातून किंवा आजीच्या खोलीतून अशी एक वस्तू आणावी जिचे नाव दुसऱ्यांना ठाऊक नसेल. दोन मिनिटे पडद्यावर नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या. मग एका मुलीने पानाच्या डब्यातला अडकित्ता आणला आणि कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरला की आम्हांला फक्त पात्याचा गंज दिसत होता. ‘यो कशाला असतो?’ यावर पाच मिनिटे वाद झाला; एकजण म्हणाला अक्रोड फोडायला, दुसरा म्हणाला नखे कापायला. शेवटी आजीलाच बोलावून घेतले आणि तिने सर्वांसमोर सुपारी कातरून दाखवली. अडिके म्हणजे कन्नडमध्ये सुपारी आणि अडकित्ता हा शब्द त्या बाजूनेच आपल्याकडे आला आहे, हे सांगितल्यावर मुले आणखी असे शब्द मागू लागली. तेव्हा तूप आणि तुप्प ही जोडी दिली. त्यानंतर ‘अडकित्त्याविषयी पाच वाक्ये’ लिहायला सांगितली. एरवी तीन वाक्यांसाठी रडणाऱ्या मुलाने नऊ लिहिली.

वाचायला काही हवे असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यातले छोटे कोडे किंवा एका पानाची गोष्ट घ्यावी. पूर्ण धडा घेऊ नये.

हिंडलग्याचा, हल्ली बेंगळुरू

गुरुजींविषयी पूर्ण आदर ठेवून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. निपाणीतल्या मुलाच्या कानावर दिवसभर मराठी पडते, म्हणून त्याच्या बाबतीत दुरुस्ती मुरवणे शक्य आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. इमारतीत कन्नड, तमिळ आणि हिंदी, शाळेत इंग्रजी आणि मराठी म्हणजे मी, त्याची आई आणि आठवड्याचे ते दोन तास. त्याला कोणी स्पष्टपणे सांगितले नाही तर नुसत्या ऐकण्यातून ते रूप कधी पकडणार? तो तर ‘मला’ आणि ‘माझ्याला’ यांतही गोंधळतो. त्यामुळे सर्वांना एकच माप लावू नये, अशी बाईंना विनंती आहे. आम्ही घरी असे ठरवले आहे की एका आठवड्यात एकच चूक पकडायची. हा आठवडा ‘खाल्ली-खाल्ला’चा; बाकी काहीही चुकले तरी चालेल. तो स्वतःच माझी चूक पकडायला टपलेला असतो आणि मी मुद्दाम एखादी करतो.

गुंतवून ठेवण्याचे म्हणाल तर आमच्याकडे आकड्यांनी काम केले. या मुलांना मराठी आकडे येत नाहीत. कन्नडमध्ये 59 म्हणजे ऐवत्तोंबत्तु, पन्नास आणि नऊ, इंग्रजीतही तोच क्रम; आणि मराठीत एकदम ‘एकोणसाठ’, म्हणजे साठाला एक कमी. मुलाला ही शुद्ध फसवणूक वाटते. 2019 साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’ऐवजी ‘वीस पाच’ असे वाचन सुचवल्यावर केवढा गदारोळ झाला होता. माझ्या मुलाचे मत विचाराल तर तो बालभारतीच्या बाजूने उभा राहील. आम्ही यावर उपाय म्हणून तांबोला खेळतो. 1 ते 90 आकडे, प्रत्येकाच्या तिकिटावर 15, आणि पुकारा फक्त मराठीत. ‘एकोणऐंशी’ म्हटले की सगळे थबकतात, बोटांवर मोजतात, मग कोणीतरी ओरडतो. पुकारणारा दर पाच आकड्यांनी बदलायचा, म्हणजे प्रत्येकाला बोलावे लागते. तिकिटे वहीवर हाताने काढली तरी चालतात.

आणि गृहपाठ द्यायचाच असेल तर असा द्यावा की जो फोन केल्याशिवाय पूर्ण होणार नाही. ‘आजीला विचारा, तिच्या लहानपणी शाळेत जाताना डब्यात काय असायचे’ अशा प्रश्नासाठी मुलगा हिंडलग्याला फोन लावतो आणि वीस मिनिटे मराठीत बोलतो. त्या वीस मिनिटांत तो काय चुकतो, ते माझी आई मला सांगत नाही.

कन्नड शिकवणारा, चिक्कोडी

मी उलट्या बाजूने हेच काम करतो. मराठी घरांतल्या मुलांना ऑनलाइन कन्नड शिकवतो. माझे मराठी घरातले आहे, चुकले तर सांभाळून घ्यावे. मुलांना शिकण्यापेक्षा शिकवणे जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे. मी त्यांना सांगतो की कन्नडमध्ये ‘नावु’ एकच; तुमच्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन का लागतात, ते मला समजावून सांगा. एक मुलगी म्हणाली, ‘सर, आम्ही यात्रेला गेलो म्हणजे तुम्ही नव्हता. आपण गेलो म्हणजे तुम्ही पण होता.’ व्याकरणाच्या पुस्तकात याहून चांगले स्पष्टीकरण मी वाचलेले नाही. बाईंनीही एखादा कन्नड शब्द मुलांकडून शिकावा. शाळेत रोज कन्नड शिकणाऱ्या मुलाला त्या एका गोष्टीत बाईंपेक्षा वरचढ होता येईल.

एक तांत्रिक बाब: मुले बराच वेळ स्वतःचाच चेहरा पाहत बसतात. झूम आणि मीट या दोन्हींत स्वतःचे चित्र आपल्यापुरते लपवता येते. आई-वडिलांना एकदा ते करून द्यायला सांगावे.

वडगावची बाई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी करून पाहायचे ठरवले होते.

वर्गाचे दोन भाग केले, पाच आणि सहा, अर्धा-अर्धा तास. याचा फरक पहिल्याच शनिवारी जाणवला. धडा शुक्रवारी रात्री पाठवते. कॅमेऱ्याची सक्ती काढली. गंमत म्हणजे त्यानंतर दोन मुलांनी तो आपणहून सुरू ठेवला. स्वतःचे चित्र लपवण्याची युक्ती चार घरांत झाली, बाकीच्यांना अजून जमलेली नाही. आयांना मी स्पष्टपणे काही सांगू शकले नाही. जांबोटीच्या ताईंनी लिहिलेले भाकऱ्यांचे वाक्य तेवढे गटात पाठवून दिले. कुजबुज कमी झाली आहे.

तांबोला मात्र पहिल्या वेळी पार फसला. सगळे एकाच वेळी ओरडले, एकीचे इंटरनेट गेले आणि ती परत आली तोपर्यंत सहा आकडे पुकारून झाले होते, म्हणून रडारड झाली. पुढच्या वेळी पुकारलेला प्रत्येक आकडा वहीत अंकात लिहून कॅमेऱ्याला किंवा व्हॉट्सअॅपवर दाखवायचा, असा नियम केला आणि वेग कमी केला. तेव्हा खेळ जमला. ‘एकोणपन्नास’वर अजूनही निम्मी मुले 59 लिहितात.

दुरुस्तीबद्दल गुरुजींचे वाचून मला दोन दिवस वाईट वाटत राहिले, हे कबूल करते. नंतर जुन्या वर्गाचे एक ध्वनिमुद्रण ऐकले. म्हशीच्या हकिगतीत त्या मुलाला मी चार मिनिटांत नऊ वेळा थांबवले होते. म्हैस व्यायली का, रेडकू झाले का, हे मी एकदाही विचारले नव्हते. आता बेंगळुरूच्या दोन्ही मुलांसाठी आठवड्याला एक चूक, असा बेंगळुरूच्या दादांचा मार्ग धरला आहे आणि इथल्या मुलांसाठी गुरुजींचा. दोन माणसांशी दोन रीतींनी बोलताना माझी धांदल होते, परंतु सवय होईल.

गेल्या रविवारी वस्तू आणायला सांगितले होते. कोणी पाटा-वरवंट्यातला वरवंटा ओढत आणला, कोणी शेवयांचा साचा, कोणी देवघरातली समई. तो मुलगा मोबाईल हातात घेऊन थेट गोठ्यात गेला. पडदा सगळा हलत होता, मधेच अंधार झाला, मग म्हशीचा एक डोळा आणि कान दिसले. ‘बाई, ही बघा. हिनं काल माझी टोपी खाल्ली,’ असे तो म्हणाला. मी काही बोलण्याआधीच बेंगळुरूच्या मुलाने विचारले, ‘सगळी खाल्ली?’

आता एक शंका उरली आहे. खानापूरच्या तीन मुलांचे आवाजी संदेश मिळून दर आठवड्याला पंचवीस-तीस होतात आणि ते सगळे ऐकून प्रत्येकाला उत्तर देणे मला झेपत नाही. ज्यांनी हे हाताळले आहे, त्यांनी सुचवावे.

जांबोटीकडची आई

बाई, सगळ्यांना उत्तर देऊ नका. आमच्या मुलींनी एकमेकींचे ऐकून एकमेकींना उत्तर द्यावे आणि तुम्ही आठवड्याला प्रत्येकीचा एकच संदेश ऐकावा. तो कोणता, हे तिनेच निवडून पाठवावे. माझी मुलगी निवडण्यासाठी सगळे पुन्हा ऐकेल, एवढे नक्की.